शुक्रवारचा लॅपटॉप

आमच्या घरात मुहूर्त पाळत नाहीत. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलं आहे की बायको म्हणते, एकदाची दारावर पाटीच लावून टाका. फ्लॅटचा ताबा घेताना बिल्डरच्या माणसाला ऐकवलं, स्कूटर घेताना शोरूममधल्या मुलाला ऐकवलं, एकदा तर गॅसची शेगडी घेताना ऐकवलं. त्या दुकानदाराने बिचाऱ्याने आज नेताय की उद्या, एवढंच विचारलं होतं. आम्ही बौद्ध. पंचांग, राहुकाळ, साडेतीन मुहूर्त यांच्याशी आमचा संबंध नाही, हे मला सांगावंसं वाटतं, आणि समोरच्याने विचारलेलं नसतानाही सांगावंसं वाटतं.

यामागे माझे वडील आहेत. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दिंडोरीकडच्या एका गावातून ते नाशिकला आले आणि पाणीपुरवठ्याच्या कामावर लागले. गावातली एकच गोष्ट त्यांनी मला सांगितली, तीही एकदाच. विशीत असताना ते डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन रस्त्याने चालले होते. तेवढ्यात एका मोठ्या घरातलं वऱ्हाड निघायची वेळ झाली. मुहूर्ताच्या वेळी नवरदेवाला यांचं तोंड दिसू नये म्हणून कोणीतरी हात करून त्यांना कुंपणामागे उभं केलं. वाजंत्री पुढे जाईपर्यंत ते भाऱ्यासकट उन्हात उभे होते. हे सांगताना दादा रागावले नाहीत. आपल्याला ज्यातून बाजूला काढलं ते आपण घरात कशाला आणायचं, एवढंच म्हणाले. मी तेव्हा नववीत होतो. ते वाक्य मी असं घट्ट धरलं की आजतागायत सोडलं नाही.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगत नसे. मुहूर्त टाळायचा तर तो कधी आहे हे माहीत पाहिजे. म्हणून काहीही मोठं घ्यायचं झालं की मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उलटून त्याची मागची बाजू वाचायचो, आणि शुभ दिवस सोडून उरलेल्यांतला एक निवडायचो. स्कूटर मी मुद्दाम पितृपक्षात घेतली होती. शोरूम रिकामं होतं. विक्रेता मुलगा माझ्याकडे काळजीने बघत होता, आणि मला आपण फार मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

तर अशा घरात, सेलच्या दिवसांत, मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचं ठरलं.

मुलगी बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. तोवर तिने सगळा अभ्यास कॉलेजच्या लॅबमध्ये आणि फोनवर केला होता. लॅब पाचला बंद व्हायची. मग घरी येऊन फोन आडवा धरून त्या इवल्याशा पडद्यावर ती प्रोग्राम लिहायची. एक कंस चुकला तर तो शोधण्यात अर्धा तास जायचा. तिने कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे चाललंय, असं मी धरून चाललो होतो. मग कॉलेजात सांगितलं की एक कंपनी शेवटच्या वर्षाच्या मुलांची ऑनलाइन परीक्षा घेणार आहे. पास होतील त्यांना प्रशिक्षण आणि पुढे नोकरी. परीक्षा घरूनच द्यायची, पण कॅमेरा असलेला लॅपटॉप पाहिजे, फोन चालणार नाही. तारीख दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारची होती. जेवताना तिने हे एकदाच सांगितलं आणि कॅलेंडरवर त्या रविवारी पेन्सिलीने बारीक गोल केला.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, बसला तर पास, नाही बसला तर लाल टॅग लावून बाजूला, हे माझं काम. सव्वीस वर्षं हेच केल्यावर माणूस बाहेरही तसाच होतो. बायको मला भाजीबाजारात नेत नाही. त्यामुळे मुलीने फोनवर सेल उघडून दाखवला तेव्हा मला तो आवडलाच नाही. प्रत्येक लॅपटॉपखाली उलटं धावणारं घड्याळ, आणि 'फक्त दोन शिल्लक' असं लाल अक्षरांत. हात लावल्याशिवाय मी वस्तू पास करत नाही, असं मी म्हणालो आणि आम्ही दोघं दुकानं फिरायला निघालो.

दोन शनिवार आम्ही कॉलेज रोड आणि मेन रोड पालथा घातला. दुकानात शिरलं की एकसारखे टी-शर्ट घातलेली मुलं पुढे यायची आणि पहिला प्रश्न विचारायची, काका, बजेट किती? बजेट सांगितलं की ती आम्हाला दाराजवळच्या चकाचक मशीनपासून मागच्या कोपऱ्यात न्यायची. मी तिथे झाकण उघडून-मिटून बघायचो, बिजागरीची फट नखाने चाचपायचो, कळफलक मधोमध दाबून तो किती वाकतो ते बघायचो. विक्रेते हसू दाबायचे. मुलगी दोन पावलं मागे सरकायची.

मग ती बोलायला लागायची. मेमरी पुढे वाढवता येईल का, आतली डिस्क कोणती, हा प्रोसेसर दोन वर्षांपूर्वीचा आहे तर किंमत आजची का. हसणारी मुलं आतून थोरल्या विक्रेत्याला बोलवायची. मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं. पण आपली पोर एका विषयात आपल्या पुढे निघून गेली आहे हे त्या मागच्या कोपऱ्यात उभं राहून मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं. तेव्हाच तिला तसं सांगायला हवं होतं. मी बिजागरी चाचपत राहिलो.

शेवटी कॉलेज रोडवरच्या दुकानात एक राखाडी रंगाचा, साधासा लॅपटॉप दोघांनाही पसंत पडला. तिला आतून, मला बाहेरून. त्याची रोजची किंमत आमच्या आवाक्याच्या जरा वर होती, पण दसऱ्याच्या एका दिवसापुरती ती बरीच उतरणार होती. विक्रेत्याने हे सांगितलं आणि वर आपुलकीने म्हणाला, "काका, मंगळवारी दसऱ्याला या. मुहूर्तावर घेऊन जा, आम्ही पूजा पण करून देतो."

झालं. मी त्याला माझं वाक्य ऐकवलं. मुलगी दुकानाच्या काचेतून रस्त्याकडे बघत उभी राहिली. परतताना स्कूटरवर मी तिला समजावलं की हे सेलवाले एक-दोन दिवस ऑफर ताणतातच, बुधवारी मी कामावरून येताना घेऊन येतो. ती मागे बसली होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. बरं, म्हणाली.

सोमवारी खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. सगळी यंत्रं पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. मीही माझी मोजमापाची साधनं पुसून तेल लावून ठेवली, पूजेला लांब उभा राहिलो आणि पेढे मात्र दोन खाल्ले. दसरा हा आमचाही मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तन दिन. मंगळवारी आम्ही पांढरे कपडे घालून त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. खाली विहारात वंदना केली, मग माझ्या म्हाताऱ्या आईला सावलीत बसवून आम्ही तिघं पायऱ्या चढलो. वरून अंबडचे पत्रे उन्हात चमकताना दिसतात. दरवर्षीप्रमाणे मी त्यातला आमच्या कारखान्याचा पत्रा दाखवला आणि दरवर्षीप्रमाणे तो कोणालाही ओळखता आला नाही.

उतरताना मुलगी माझ्या बरोबरीने चालायला लागली. "पप्पा, आत्ता जाऊ या का दुकानात? आज आपला पण सण आहे."

बोलणं सरळ होतं. किंमत आज कमी, सुट्टी आज, सगळे सोबत, आणि दिवस आमचाही. मी म्हणालो, "आपला सण आहे म्हणूनच नको. लोक म्हणतील मुहूर्त साधला." कोणते लोक, हे तिने विचारलं नाही. बायकोने विचारलं. मी भराभर पायऱ्या उतरायला लागलो.

बुधवारी कामावरून सुटल्यावर मी दुकानात गेलो. दारातली तोरणं अजून तशीच होती. विक्रेता तोच होता, पण आता त्याला घाई नव्हती. तो लॅपटॉप काल दुपारीच संपला, म्हणाला. नवीन माल आठ-दहा दिवसांनी येईल, तोही रोजच्या किमतीला. पुढची ऑफर धनतेरसला. मी त्याच्याशी वाद घातला. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याची काही चूक नव्हती, हे मला त्याच्याशी वाद घालतानाही कळत होतं.

घरी बायको म्हणाली, आता दुसरा कोणताही घ्या, थोडे जास्त जाऊ द्या. ते शहाणपणाचं होतं. पण काल स्वस्त असलेली वस्तू आज महाग घ्यायची म्हणजे मी चुकलो असं मान्य करणं, आणि तेवढं माझ्याच्याने होईना. पुढचे चार-पाच दिवस मी दुसरे लॅपटॉप बघत होतो आणि प्रत्येकात खोट काढत होतो. याची बिजागरी ढिली, त्याचा चार्जर गरम होतो. कारखान्यात मी लाल टॅग लावला की पुरवठादार नवीन माल घेऊन येतो. इथे कोणी काही घेऊन येणार नव्हतं, आणि पेन्सिलीचा गोल जवळ येत होता.

शेवटी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने त्याच्या मुलाचा जुना लॅपटॉप त्या रविवारपुरता दिला. मी त्याच्या घरी जाऊन तो तपासला. कॅमेरा, आवाज, कळफलक, पडदा, सगळं एकेक करून. तासभर लागला. सगळं व्यवस्थित होतं. मुलीने रात्री बसून तो परीक्षेसाठी तयार केला. वीज गेली आणि वायफाय बंद पडलं तर इंटरनेट फोनवरून घेता येईल, अशीही सोय तिने करून ठेवली.

रविवारी साडेदहाला ती आतल्या खोलीत दार लावून बसली. परीक्षेत दुसऱ्या कोणाचा आवाज चालणार नव्हता, म्हणून आम्ही तिघं बाहेर मुक्याने बसलो होतो. बायकोने कुकरसुद्धा लावला नाही. अकराच्या सुमारास कोपऱ्यावरच्या डीपीत काहीतरी फटकन वाजलं आणि पंखा थांबला. मी निवांत होतो. लॅपटॉपला बॅटरी असते.

पाच मिनिटांत दार उघडलं. मुलगी दारात उभी होती. "बंद पडला," म्हणाली.

सहकाऱ्याच्या घरी तो लॅपटॉप कायम वायर लावूनच चालायचा. मी तासभर सगळं तपासलं होतं, फक्त वायर काढून बघितलं नव्हतं. सव्वीस वर्षं मोजमाप करणारा माणूस मी. मी जिना उतरून डीपीपाशी धावलो, तिथे उभ्या असलेल्या लोकांवर ओरडलो, वीज कंपनीला फोन लावत राहिलो. चाळीस मिनिटांनी वीज आली. मुलीने तिच्या सरांना कळवलं होतं. सरांनी कंपनीला विचारलं. एकदा बंद झालेली परीक्षा पुन्हा उघडत नाही, असं उत्तर आलं.

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती कुकर लावायला बायकोला मदत करायला गेली. जेवताना तिने आजीला भात वाढला. माझ्याशीही नेहमीसारखी बोलली. पुढचे दोन दिवस मी घरातल्या घरात तिच्या वाटेतून बाजूला होत राहिलो.

मंगळवारी संध्याकाळी आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती, मुलगी तिच्याजवळ वही घेऊन. आईने मला हाक मारली आणि विचारलं, तुझ्या दादांची सायकल आठवते का. न आठवायला काय झालं, त्याच सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेलो. आई म्हणाली, ती पाडव्याला घेतली होती. मी म्हणालो, शक्य नाही. दादा पाडव्याचा मुहूर्त कशाला बघतील?

"बघितला कुठं त्यांनी," आई म्हणाली. "रविवार होता, सुट्टी होती, दुकान उघडं होतं. घेतली. शेजारचे म्हणले, पाडव्याची घेतली वाटतं. तर म्हणले, नाय हो, रविवारची घेतली, सुट्टी होती."

मी म्हणालो, अगं पण दारोदार गुढ्या दिसल्या असतील ना त्यांना. आई मेथीच्या काड्या बाजूला सारत म्हणाली, दिसल्या असतील की, पण गुढ्या ज्याच्या त्याच्या. आणि पुन्हा निवडायला लागली.

मुलीने वही मिटली. आवाज अजिबात चढवला नाही. "पप्पा, मुहूर्त पाळणाऱ्या लोकांपेक्षा तुम्हीच जास्त मुहूर्त बघता. माझ्या मैत्रिणींच्या घरीसुद्धा कॅलेंडर एवढं उलटत नाहीत." वही बाजूला ठेवून ती म्हणाली, "आजोबांना दुसऱ्यांनी थांबवलं होतं. मला तुम्ही थांबवलंत. मुहूर्त दोन्ही वेळा दुसऱ्यांचाच होता."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. दादांची गोष्ट मीच तिला सांगितली होती, दहा वेळा, आणि ती अशी माझ्यावर उलटावी हे मला सहन झालं नाही. मी उठून खाली गेलो आणि कॉलनीला दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत राग उतरला आणि खाली नुसती लाज उरली. दादांनी मुहूर्त घरात आणला नव्हता. मी आणला होता, मागच्या दाराने, आणि पस्तीस वर्षं सांभाळला होता. कुंपणामागे उभं राहण्याचं दुःख दादांचं होतं. त्यांनी ते खाली ठेवून सायकल घेतली. मी ते उचलून पोरीच्या डोक्यावर दिलं.

वर आल्यावर मी तिला विचारलं की दुसरी कुठली परीक्षा आहे का. होती. आणखी एका कंपनीची, येत्या शनिवारी. कंपनी परराज्यातली, तिला आपल्या सुट्ट्यांशी देणंघेणं नव्हतं. या कंपनीत जागा थोड्या होत्या, पण शेवटच्या वर्षाची ही शेवटचीच संधी असं सरांनी सांगितलं होतं. ती म्हणाली, कॉलेजची लॅब दिवाळीमुळे बंद असेल.

आमचा बोनस गुरुवारी जमा झाला. शुक्रवारी मी अर्धी सुट्टी टाकली. शुक्रवारी धनतेरस होती. हे मला कॅलेंडर न उलटताही माहीत होतं, अख्ख्या नाशिकला माहीत होतं. कॉलेज रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. आकाशकंदिलांच्या दुकानांपुढे, सोनारांपुढे रांगा, आणि स्कूटर लावायला आम्हाला पार आतल्या गल्लीत जावं लागलं. दुकानात विक्रेत्याने मला ओळखलं. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं, पण तो भला माणूस, सरळ आत जाऊन खोकं घेऊन आला. तोच राखाडी लॅपटॉप नव्या मालात आला होता.

बिलाच्या टेबलापाशी एक मुलगी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. प्रत्येक खोक्यावर बोटं टेकवून ती नारळ देत होती. आमचा नंबर आला तशी तिने बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्याकडे बघितलं. माझं वाक्य जिभेवर आलं होतं. माझी मुलगीही माझ्याकडे बघत होती.

"नको, ताई," मी म्हणालो. "तेवढा उघडून वायर न लावता चालवून दाखवायला सांगा."

माझी मुलगी हसली. रविवारनंतर पहिल्यांदा. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि तो पंधरा-वीस मिनिटं बॅटरीवर चालेपर्यंत आम्ही टेबलापाशी उभे राहिलो. मागची रांग कुरकुरत होती. मी नखाने बिजागरी चाचपली नाही. उभ्या उभ्या मी तिला सांगितलं की तू त्या मागच्या कोपऱ्यात प्रश्न विचारत होतीस तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. ती म्हणाली, पप्पा, इथे नको, लोक ऐकतायत.

घरी आलो तर जिन्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी पणत्या मांडत होते. सज्जन माणूस. माझ्या मुलीच्या हातातलं खोकं बघून त्यांना खरंच आनंद झाला. "वा, धनतेरसचा घेतला वाटतं," म्हणाले.

मुलगी माझ्या मागच्या पायरीवर खोकं छातीशी धरून उभी होती. मी बाजूला सरकल्याशिवाय तिला वाट मिळणार नव्हती, जिना तेवढा अरुंद आहे.

"नाही हो, शुक्रवारचा घेतला," मी म्हणालो. "उद्या हिची परीक्षा आहे." आणि पणत्यांना पाय लागू न देता मी कठड्याला सरकून तिला पुढे जाऊ दिलं.